पीएचपीमधील डिस्ट्रक्टरची वेळ आणि सेशनमधील नोंद : एका विषयनिवड अर्जाच्या निमित्ताने

बीजशब्द : पीएचपी, ऑब्जेक्ट, डिस्ट्रक्टर, सेशन, सिरिअलायझेशन

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या कामकाजात संगणक आल्याला आता बराच काळ लोटला आहे. मुंबई परिसरात २००९ साली अकरावीची प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन झाली आणि त्यानंतर अर्ज, शुल्क, हजेरी, विषयनिवड अशी एकेक कामे कागदावरून पडद्यावर आली. मोठ्या प्रक्रियांसाठी व्यावसायिक यंत्रणा असतात. परंतु विभागपातळीवरची लहान कामे पुष्कळदा विभागातील शिक्षक व विद्यार्थी स्वतःच तयार करतात आणि त्यासाठी पीएचपी ही भाषा सर्रास वापरली जाते. ती विनामूल्य आहे, स्वस्त सर्व्हरवर चालते आणि मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान अभ्यासक्रमातील वेब प्रोग्रॅमिंग या विषयात शिकवली गेल्यामुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे.

उल्हासनगरातील एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी अशाच प्रकारे एक विषयनिवड अर्ज तयार करण्यात आला. प्रस्तुत लेखक त्या कामात मार्गदर्शक होता, ही गोष्ट आरंभीच नमूद केलेली बरी. विद्यार्थ्याने आपली माहिती भरायची, पसंतीक्रमाने विषय निवडायचे, इच्छा असल्यास ‘अर्ज पाहा’ या पानावर सर्व तपशील तपासायचा आणि शेवटी ‘निश्चित करा’ हे बटण दाबायचे, अशी रचना होती. जागा मर्यादित असल्याने विषयवाटप अर्जाच्या क्रमाने व्हायचे होते. पहिल्याच दिवशी कार्यालयात तक्रारी येऊ लागल्या. काही विद्यार्थ्यांच्या पावतीवर नाव व हजेरी क्रमांक होता, परंतु विषयांचा रकाना कोरा होता. विद्यार्थ्यांनी विषय निवडलेच नसावेत, असा कार्यालयाचा समज झाला. विद्यार्थी मात्र ठामपणे सांगत होते, “सर, आम्ही विषय निवडले होते, पडद्यावर पाहिलेही होते.” दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या. सर्व्हरवरील नोंदवही तपासली असता असे आढळले, की कोरे अर्ज ज्यांचे होते त्या सर्वांनी ‘अर्ज पाहा’ हे पान उघडले होते. ज्यांनी काहीही न तपासता थेट बटण दाबले, त्यांचे अर्ज सुरक्षित होते. म्हणजे जो विद्यार्थी काळजीपूर्वक वागला, नेमकी त्याचीच निवड नष्ट झाली.

या विसंगतीचे कारण पीएचपीमध्ये पान संपताना ज्या क्रमाने कामे होतात त्या क्रमात आहे. तो क्रम पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो उलगडून दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. बहुविद्याशाखीय वाचकवर्ग लक्षात घेऊन प्रत्यक्ष सांकेतिक लेखन टाळले असून मूळ संकल्पनांपासून सुरुवात केली आहे.

सेशन आणि सिरिअलायझेशन

संकेतस्थळावरील पाने ज्या नियमावलीने पाठवली जातात तिला स्मृती नसते. एकाच व्यक्तीने मागितलेली दोन पाने सर्व्हरच्या दृष्टीने दोन अनोळखी मागण्या असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीत कुकीची कल्पना पुढे आली. मे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत सेशनची सोय भाषेतच समाविष्ट झाली. देवळाबाहेर चपला ठेवताना आपल्याला बिल्ला मिळतो, त्याच धर्तीवर ही व्यवस्था आहे. बिल्ल्यावर केवळ क्रमांक असतो आणि चपला आतल्या फळीवर असतात. वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये फक्त सेशनचा क्रमांक राहतो, प्रत्यक्ष माहिती सर्व्हरवरील एका फाइलमध्ये असते. प्रत्येक पानाच्या आरंभी ती फाइल वाचली जाते आणि अखेरीस नव्याने लिहिली जाते.

फाइलमध्ये मजकूरच लिहिता येतो. प्रोग्रॅममध्ये मात्र माहिती अनेकदा ऑब्जेक्टच्या रूपात असते. आपल्या उदाहरणात ‘अर्ज’ नावाचा क्लास होता आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी त्याचे एक ऑब्जेक्ट तयार होत असे. त्या ऑब्जेक्टमध्ये नाव, हजेरी क्रमांक आणि निवडलेल्या विषयांची यादी असे गुणधर्म होते. अशा ऑब्जेक्टला मजकुराच्या एका सलग ओळीत उतरवणे म्हणजे सिरिअलायझेशन, आणि त्या ओळीतून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करणे ही त्याची उलट क्रिया होय. ओळीत क्लासचे नाव, गुणधर्मांची संख्या आणि एकेका गुणधर्माचे नाव व मूल्य नोंदले जाते. क्लासमधील कृती, म्हणजे फंक्शन्स, नोंदली जात नाहीत. त्यामुळे सेशन सुरू होण्यापूर्वी त्या क्लासची व्याख्या उपलब्ध नसेल तर पीएचपी एक अपूर्ण ऑब्जेक्ट हाती ठेवते आणि नवशिका विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. डेटाबेसशी असलेली जोडणीही अशी उतरवता येत नाही. पीडीओ या जोडणीचे ऑब्जेक्ट तर सिरिअलायझेशनला स्पष्ट नकार देते. जोडणी ही चालू दूरध्वनी संभाषणासारखी असते, ती कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी पुढे चालवता येत नाही.

या अडचणीसाठी पीएचपीने दोन विशेष फंक्शन्स दिली आहेत. ‘स्लीप’ हे फंक्शन ऑब्जेक्ट लिहिले जाण्याच्या आधी चालते आणि कोणते गुणधर्म लिहायचे हे सांगते. ‘वेकअप’ हे ऑब्जेक्ट परत उभे राहिल्यावर चालते, तेथे तुटलेली जोडणी पुन्हा करता येते. नोव्हेंबर २०१९ मधील ७.४ या आवृत्तीत याच कामासाठी ‘सिरिअलाइझ’ आणि ‘अनसिरिअलाइझ’ अशी अधिक सुटसुटीत फंक्शन्स आली. झोप आणि जाग हे रूपक सार्थ आहे, पण ते अर्धेच खरे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

डिस्ट्रक्टर केव्हा चालतो

डिस्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारे फंक्शन. पीएचपीमध्ये तो जुलै २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आला. आपल्याकडील विद्यार्थी डिस्ट्रक्टर प्रथम शिकतो तो सी प्लस प्लस या भाषेत. तेथे त्याची वेळ निश्चित असते. फंक्शनचा महिरपी कंस बंद झाला की त्यातील स्थानिक ऑब्जेक्ट संपते आणि त्याच क्षणी डिस्ट्रक्टर चालतो. घेतलेली स्मृती परत करणे, उघडलेली फाइल बंद करणे ही कामे तेथे लिहिणे हे उत्तम शिस्तीचे लक्षण मानले जाते, आणि ते योग्यच आहे. जावाने याउलट वाट धरली. तेथील ‘फायनलाइझ’ केव्हा चालेल याची कधीच हमी नव्हती आणि २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून त्याचा वापर टाळावा असे अधिकृतपणे सांगण्यात आले.

पीएचपी या दोहोंच्या मध्ये आहे. प्रत्येक ऑब्जेक्टकडे किती ठिकाणांहून निर्देश आहे याची मोजणी ती ठेवते. मोजणी शून्यावर आली की डिस्ट्रक्टर तात्काळ चालतो. परंतु दोन ऑब्जेक्ट्स एकमेकांकडे निर्देश करत असतील तर मोजणी कधीच शून्यावर येत नाही. अशी वर्तुळे शोधून मोडण्याची सोय जून २००९ मधील ५.३ या आवृत्तीत झाली, पण ती केव्हा कामाला लागेल हे लेखकाच्या हाती नसते. आणि जी ऑब्जेक्ट्स पान संपेपर्यंत जिवंत राहतात त्यांचे डिस्ट्रक्टर पान बंद होण्याच्या टप्प्यात चालतात. तेथे कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर, याची कसलीही खात्री पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका देत नाही.

सेशनमध्ये ठेवलेले ऑब्जेक्ट या शेवटच्या गटात मोडते. सेशनच्या सूचीचा त्याच्याकडे निर्देश असल्याने ते पान संपेपर्यंत टिकते.

पान संपताना

पानाचे काम संपले की पीएचपी ठरावीक क्रमाने आवराआवर करते. लेखकाने ‘शेवटी चालवा’ म्हणून नोंदवलेली फंक्शन्स प्रथम चालतात. त्यानंतर सर्व शिल्लक ऑब्जेक्ट्सचे डिस्ट्रक्टर चालतात. मग साठून राहिलेला मजकूर ब्राउझरकडे रवाना होतो. त्यानंतर भाषेचे वेगवेगळे विभाग आपापले काम गुंडाळतात, आणि सेशन हा त्यांतलाच एक विभाग असल्याने सेशनची फाइल या टप्प्यावर लिहिली जाते. म्हणजे डिस्ट्रक्टर आधी, सिरिअलायझेशन नंतर. येथे डिस्ट्रक्टर चालला तरी ऑब्जेक्ट स्मृतीतून लगेच पुसले जात नाही. त्याचे गुणधर्म तसेच वाचता येतात आणि डिस्ट्रक्टरने त्यांत जे बदल केले असतील त्या बदलांसह ते फाइलमध्ये उतरतात. जे ऑब्जेक्ट झोपणार आणि उद्या जागे होणार, ते झोपण्यापूर्वी मरून घेते, असा हा विचित्र प्रकार आहे.

आमच्या कॅम्प २ मधील गजानन मार्केटचे उदाहरण देणे येथे सोयीचे ठरेल. कापडाच्या दुकानात दिवसभराच्या उधारीच्या चिठ्ठ्या गल्ल्याशेजारी खोचलेल्या असतात. रात्री शटर ओढण्यापूर्वी त्या रोजमेळात उतरवायच्या आणि मग टेबल स्वच्छ करायचे, हा रिवाज. समजा, नव्याने आलेल्या कामसू मुलाने आधी टेबल स्वच्छ केले, चिठ्ठ्या केराच्या टोपलीत टाकल्या आणि मग शेटजी वही उघडून बसले. वहीत त्या दिवसाचे पान असेल, तारीख असेल, पण उधारी शून्य असेल. मुलाने आळस केला असता तर हिशेब शाबूत राहिला असता.

आमच्या अर्जात हेच घडले. ‘अर्ज’ हा क्लास लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सी प्लस प्लसमधील शिस्त स्मरून डिस्ट्रक्टरमध्ये विषयांची यादी रिकामी केली होती, हेतू स्मृती मोकळी करण्याचा. मार्गदर्शक म्हणून मी ते लेखन पाहिले होते आणि त्याबद्दल त्याचे कौतुकही केले होते. वास्तविक पीएचपीमध्ये पान संपल्यावर सर्व स्मृती आपोआप मोकळी होते, त्या ओळीची गरजच नव्हती.

मग सगळेच अर्ज कोरे का गेले नाहीत? याचे उत्तर योगायोगात दडले होते. पीएचपीत सेशनची फाइल पान चालू असेपर्यंत कुलूपबंद राहते, त्यामुळे एक पान रेंगाळले तर त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेले पान अडून राहते. हा अडथळा टाळण्यासाठी त्याच विद्यार्थ्याने मुख्य मार्गावरील प्रत्येक पानात, काम होताच सेशन लिहून बंद करणारे ‘सेशन राइट क्लोज’ हे फंक्शन वापरले होते. त्यामुळे त्या पानांवर सेशन आधीच फाइलमध्ये उतरलेले असे, नंतर चाललेला डिस्ट्रक्टर केवळ स्मृतीतील प्रत रिकामी करी आणि फाइलला धक्का लागत नसे. ‘अर्ज पाहा’ हे पान मात्र मागाहून, कार्यालयाच्या सूचनेवरून, दुसऱ्या विद्यार्थ्याने जोडले. ते पान फक्त माहिती दाखवत होते, काही बदलत नव्हते, म्हणून सेशन बंद करण्याची ओळ त्याला अनावश्यक वाटली. परिणामी त्या पानावर विषय व्यवस्थित दिसत. दाखवण्याचे काम संपल्यावर डिस्ट्रक्टर चाले, यादी रिकामी होई आणि ती रिकामी यादी सेशनमध्ये लिहिली जाई. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर विषय असतानाच सर्व्हरवर ते पुसले गेलेले असत. पुढे ‘निश्चित करा’ दाबल्यावर तीच कोरी यादी डेटाबेसमध्ये गेली.

केवळ वाचणारे पान लिहितेही, ही बाब ध्यानात येण्यास आम्हांस सर्वाधिक वेळ लागला. चाचणी घेणारे विद्यार्थी स्वतःच कर्ते होते. त्यांना आपला अर्ज पाहण्याची गरज कधी वाटली नाही.

पडताळणीचा साधा प्रयोग

वरील क्रम कोणासही प्रयोगशाळेत पडताळता येईल. एक लहान क्लास घ्यावा. त्याच्या वेकअप, स्लीप आणि डिस्ट्रक्टर या तिन्ही फंक्शन्समध्ये नोंदफाइलीत एकेक शब्द लिहावा, आणि त्याचे ऑब्जेक्ट सेशनमध्ये ठेवून पान दोनदा उघडावे. दुसऱ्या वेळी नोंदीत प्रथम जाग, मग विनाश आणि मग झोप असा क्रम दिसेल. आता पानाच्या शेवटी सेशन बंद करणारी ओळ घालावी. विनाश आणि झोप यांची अदलाबदल होईल. नोंदफाइलीचा मार्ग मात्र पूर्ण लिहावा. काही सर्व्हरवर पान बंद होताना चालू फोल्डर बदलते आणि अर्धवट मार्ग दिल्यास नोंद भलतीकडेच जाते. आमच्या एका तुकडीचा पूर्ण तास या फाइलीच्या शोधात गेला आहे.

हा क्रम असा का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. यामागे एक जुनी ओढाताण आहे. डिस्ट्रक्टरमध्ये सेशनची माहिती वापरता यावी असे वाटत असेल तर सेशन डिस्ट्रक्टरनंतर बंद झाले पाहिजे. उलट, सेशन फाइलऐवजी डेटाबेसमध्ये साठवायचे असेल तर ते लिहिताना डेटाबेसचे ऑब्जेक्ट शाबूत हवे, म्हणजे सेशन डिस्ट्रक्टरच्या आधी लिहिले गेले पाहिजे. दोन्ही एकदम शक्य नाही. पीएचपीने ५.०.५ या आवृत्तीपासून पहिली बाजू घेतली. त्यामुळे ज्यांनी सेशन साठवण्यासाठी स्वतःची ऑब्जेक्ट्स वापरली होती त्यांची साठवण कोलमडली, कारण लिहिण्याची वेळ येईपर्यंत जोडणीचे ऑब्जेक्ट संपलेले असे. माहितीपुस्तिकेने या पेचाला ‘कोंबडी आधी की अंडे आधी’ या वर्गात टाकून डिस्ट्रक्टरमधून सेशन बंद करण्याचा उपाय सुचवला. मार्च २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत ‘सेशन रजिस्टर शटडाउन’ हे फंक्शन आले. ते सेशन लिहिण्याचे काम पहिल्याच टप्प्यात, डिस्ट्रक्टरच्या आधी, नोंदवून ठेवते. स्वतःच्या ऑब्जेक्टद्वारे सेशन साठवणाऱ्यांसाठी ही नोंदणी आपोआप होते. नेहमीच्या फाइलवर चालणाऱ्या सेशनसाठी मात्र जुनाच क्रम आजही लागू आहे, आणि आपली बहुतांश विभागीय कामे फाइलवरच चालतात.

सेशनचा शेवट आणि ऑब्जेक्टचा शेवट

याच गैरसमजाचे आणखी एक रूप विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार दिसते. ‘वापरकर्ता’ या क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ नोंदवली जाते. कल्पना अशी, की वापरकर्ता गेला म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होईल. प्रत्यक्षात दर पानाच्या अखेरीस ते ऑब्जेक्ट नष्ट होते, आणि दहा पाने पाहणारा मनुष्य नोंदवहीत दहा वेळा बाहेर पडलेला दिसतो. जेव्हा तो खरोखर निघून जातो, म्हणजे ब्राउझर बंद करून घरी जातो, तेव्हा सर्व्हरला काहीच कळत नाही. सेशनची फाइल तशीच पडून राहते. मूळ मांडणीनुसार १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटे, तिला कोणी हात लावला नाही तर ती टाकाऊ समजली जाते आणि पुढे कोणा दुसऱ्याच्याच मागणीच्या वेळी सफाईत काढून टाकली जाते. ही सफाई फाइल न वाचताच ती पुसते, आत कोणते ऑब्जेक्ट आहे हे पाहत नाही. त्यामुळे त्या वेळी कोणताही डिस्ट्रक्टर चालत नाही. जेथे तो नको तेथे चालतो आणि जेथे हवा तेथे येतच नाही.

सुरक्षिततेची बाजू येथे थोडक्यात सांगतो. बाहेरून आलेला मजकूर तसाच ऑब्जेक्टमध्ये रूपांतरित केला तर मजकूर पाठवणारा आपल्या पसंतीच्या क्लासचे ऑब्जेक्ट उभे करू शकतो, आणि पान संपताना त्याचा डिस्ट्रक्टर हमखास चालतो. तो डिस्ट्रक्टर तात्पुरती फाइल पुसणारा असेल तर कोणती फाइल पुसायची हे हल्लेखोर ठरवतो. श्टेफान एसर यांनी २००९ व २०१० मध्ये या प्रकारच्या हल्ल्यांकडे सुरक्षातज्ज्ञांचे लक्ष वेधले. डिसेंबर २०१५ मधील सातव्या आवृत्तीपासून कोणत्या क्लासना परवानगी आहे हे सांगण्याची सोय झाली आहे, ती वापरावी. त्याहून बरे म्हणजे बाहेरच्या मजकुरासाठी जेसन हे स्वरूप वापरावे.

उपाय आणि अध्यापन

आमच्या अर्जापुरता उपाय एका मिनिटाचा होता. डिस्ट्रक्टर काढून टाकला. पण त्यावर थांबणे योग्य वाटले नाही. सेशनमध्ये संपूर्ण ऑब्जेक्ट ठेवण्याची सवयच आम्ही सोडली आणि फक्त अर्जाचा क्रमांक ठेवू लागलो. विषय निवडताक्षणीच डेटाबेसमध्ये जातात व प्रत्येक पान ते तेथून वाचते. अनेक महाविद्यालयांत वापरली जाणारी मूडल ही प्रणाली पीएचपीतच आहे. ती वापरकर्त्याची माहिती सेशनमध्ये ठेवते, परंतु ते ऑब्जेक्ट अगदी साधे, डिस्ट्रक्टर नसलेले असते. तेवढी साधेपणाची मर्यादा पाळली तरी पुरेसे आहे. डिस्ट्रक्टर मुळीच लिहू नये असे माझे म्हणणे नाही. तात्पुरती फाइल पुसणे, कुलूप सोडणे यांसाठी तो उपयुक्त आहे. मात्र ज्या ऑब्जेक्टला पुढच्या पानावर पुन्हा उठायचे आहे, त्याच्या डिस्ट्रक्टरने स्वतःच्या गुणधर्मांना हात लावू नये.

अध्यापनात अडचण अशी, की ऑब्जेक्टचा धडा आणि सेशनचा धडा बहुधा स्वतंत्र प्रकरणांत येतात, कित्येकदा स्वतंत्र शिक्षकांकडे. दोन्ही धड्यांतले प्रत्येक वाक्य बरोबर असते आणि चूक त्यांच्या सांध्यावर होते. आता मी सेशनच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात वरील तीन शब्दांचा प्रयोग घेतो आणि नोंदफाइल उघडण्यापूर्वी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला सांगतो. जवळजवळ सगळे जण झोप आधी आणि विनाश नंतर असे लिहितात. पहिल्यांदा हा प्रयोग करताना माझाही अंदाज तोच होता.

कोऱ्या अर्जांच्या विद्यार्थ्यांबाबत कार्यालयाने समंजस भूमिका घेतली. सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येकाच्या विषयनिवडीच्या पानाची वेळ होती. त्यांच्याकडून विषय कागदावर पुन्हा लिहून घेतले, मूळ वेळेप्रमाणे त्यांना क्रम दिला आणि वाटपाची यादी नव्याने लावली.